कोळशाच्या खाणीतली हवा तपासणारा डॉक्टर, ज्यानं पाणबुड्यांना थांबायला शिकवलं

चंद्रपूर म्हटलं की तीन गोष्टी आठवतात. ताडोबाचा वाघ, मे महिन्यातलं ऊन आणि कोळसा. शेजारचं गडचिरोली म्हणजे वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि नजर पोहोचेल तिथवर जंगल. महाराष्ट्रातला समुद्र बघायचा तर या दोन्ही जिल्ह्यांतल्या माणसाला अख्खं राज्य आडवं ओलांडावं लागतं.

तरीही दिवाळी-नाताळच्या सुट्टीत इथली पोरं तारकर्ली, मालवण, गोवा, अंदमान गाठतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली काढलेला व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पडतो आणि पुढच्या वर्षी अजून चार जण निघतात. ट्रिपचा प्लॅन ठरलेला असतो. सकाळी स्कूबा, दुपारी मासे, संध्याकाळी गाडी घाटाला लागते किंवा विमान नागपूरला निघतं.

प्लॅनमधली ही घाईच धोक्याची आहे, आणि ती का धोक्याची आहे हे ज्यानं शंभर वर्षांपूर्वी मोजून दाखवलं त्याचं नाव जॉन स्कॉट हाल्डेन. गंमत म्हणजे हा माणूस काही समुद्रावरचा नव्हता. त्याचं निम्मं आयुष्य कोळशाच्या खाणींमध्ये गेलं. त्यामुळं चंद्रपूरच्या माणसाला त्याची गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

श्रीमंत घरातला पोरगा, जो घाण हवेच्या मागं लागला

हाल्डेन यांचा जन्म मे १८६० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबरोत झाला. घरची परिस्थिती उत्तम, नाव मोठं. त्यांचे भाऊ रिचर्ड हाल्डेन पुढं ब्रिटनचे युद्धमंत्री आणि नंतर लॉर्ड चॅन्सेलर झाले. बहीण एलिझाबेथ लेखिका आणि सामाजिक कार्यकर्ती होती. अशा घरातला मुलगा डॉक्टर झाला तर मोठ्या लोकांचे दवाखाने सांभाळून आरामात जगला असता.

१८८४ मध्ये त्यांनी एडिनबरो विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. पण पेशंट तपासण्यात त्यांचं मन रमलं नाही. माणूस जी हवा घेतो त्या हवेत नेमकं काय असतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. डंडी या गिरणगावात त्यांनी कामगारांच्या खोल्यांमधली आणि शाळांच्या वर्गांमधली हवा गोळा करून तपासायला सुरुवात केली. एका खोलीत आठ-दहा माणसं झोपतात तेव्हा पहाटे त्या खोलीतली हवा कशी होते, हे बघायचं तर रात्रीच जावं लागतं. ते रात्री-बेरात्री जायचे.

नंतर ते ऑक्सफर्डला आले. तिथं त्यांचे मामा जॉन बर्डन-सँडरसन शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. गटारांमधली हवा, कारखान्यांमधली हवा, खाणीतली हवा, जिथं माणूस गुदमरतो तिथं हाल्डेन जायला लागले. त्यांची पद्धत सोपी होती आणि भयंकरही. शंका असलेला वायू ते आधी स्वतः हुंगायचे आणि आपल्याला काय होतंय ते वहीत लिहीत जायचे.

स्फोटानं नाही, नंतरच्या हवेनं माणसं मेली

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधल्या टायलर्सटाऊनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ५७ माणसं आणि पोरं मेली. तेव्हा सगळे हेच धरून चालायचे की स्फोट झाला म्हणजे माणसं भाजून किंवा धक्क्यानं मेली असणार.

हाल्डेन तिथं पोहोचले आणि मृतदेह तपासले. त्यांना दिसलं की बहुतेकांच्या अंगावर मरण येईल एवढ्या जखमाच नाहीत. त्यांचं रक्त मात्र लालभडक होतं. हा रंग त्यांच्या ओळखीचा होता, कारण त्याआधी प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःवर कार्बन मोनॉक्साईडचा प्रयोग केला होता.

आता हा वायू इतका वाईट का? आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साईड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे गाडी तीच, पण सगळ्या सीटवर भलताच माणूस बसलेला. ऑक्सिजनला जागाच मिळत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्यात झोंबत नाही. माणसाला फक्त डोकं जड वाटतं, पाय लटपटतात आणि तो बसतो. मग उठत नाही.

हाल्डेन यांच्या १८९६ च्या अहवालातून हे स्पष्ट झालं की स्फोटातून वाचलेली माणसं नंतर बाहेर पडताना या वायूनं मरतात. म्हणजेच त्यांना वाचवता येऊ शकतं. फक्त हवा खराब आहे हे वेळेत कळलं पाहिजे.

आपल्याकडं जुन्या विहिरीत उतरायच्या आधी पेटता कंदील सोडून बघायची पद्धत आहे. कंदील विझला की उतरायचं नाही. खाणीतही तसाच दिवा वापरायचे. पण अडचण अशी की दिवा विझतो तो ऑक्सिजन कमी झाल्यावर. कार्बन मोनॉक्साईड माणूस मरेल एवढा असला तरी दिवा छान जळत राहतो. म्हणून हाल्डेन यांनी सुचवलं की दिव्यासोबत छोटा प्राणी न्या. उंदीर किंवा पक्षी. छोट्या जिवाचा श्वास जलद चालतो, त्यामुळं विषाचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या कितीतरी आधी होतो.

पुढं कॅनरी हा छोटा पिवळा पक्षी ठरून गेला. तो दांडीवरून पडला की सगळ्यांना दिसतो. काही पिंजऱ्यांवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर बसवलेला असायचा, म्हणजे पक्षी पडला की दार बंद करून त्याला शुद्धीवर आणायचं. ब्रिटिश खाणींमध्ये हे पक्षी थेट १९८६ मध्ये निवृत्त झाले, जेव्हा त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरनं घेतली.

ज्या काळात हाल्डेन हे करत होते, त्याच काळात वरोऱ्याला ब्रिटिश सरकारची कोळसा खाण चालू होती. ती १९०६ मध्ये बंद झाली. पण कोळसा संपला नाही. बल्लारपूर, घुग्घूस, दुर्गापूर, माजरी ही नावं पुढं आली आणि आज हा सगळा पट्टा वेकोलि म्हणून ओळखला जातो. अंडरग्राऊंड खदानीत पाळीला उतरणाऱ्या माणसाच्या आधी हवेचं माप घेतलं जातं, या साध्या वाटणाऱ्या नियमामागं हाल्डेन यांच्यासारख्या लोकांनी भोगलेली डोकेदुखी आहे.

त्यांनी यात घरच्यांनाही सोडलं नाही. मुलगा जॅक लहान असताना ते त्याला एका खाणीत घेऊन गेले. छताजवळ मिथेन साठलेला होता. पोराला तिथं उभं करून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्या वेळात त्याचे पाय गेले आणि तो खाली पडला. खाली हवा चांगली होती, म्हणून तो लगेच सावरला. मिथेन हलका असतो आणि वर साठतो, हा धडा जॅक आयुष्यभर विसरला नाही. हा जॅक म्हणजेच पुढचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन.

खाणीतून पाण्यात

आता प्रश्न असा की खाणीतला डॉक्टर समुद्रात कसा गेला?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. १८७० च्या सुमारास अमेरिकेत मोठमोठे पूल बांधले जात होते. पुलाचा पाया नदीच्या तळाशी खणायचा तर तिथं पाणी येतं. म्हणून तळ नसलेली प्रचंड पेटी नदीत उतरवायची, आत जोरानं हवा भरायची, त्या दाबानं पाणी बाहेर राहायचं आणि कामगार आत खणायचे. आत असेपर्यंत सगळं ठीक असायचं. पाळी संपवून वर आले की सांधे ठणकायला लागायचे. काही जण वाकून चालायचे, त्यावरून या दुखण्याला बेंड्स हे नाव पडलं. काहींचे पाय लुळे पडले, काही मेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांना याच आजारानं घरी बसवलं.

१८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं कारण शोधलं. ते समजायला सोड्याची बाटली पुरेशी आहे. बाटली बंद असते तेव्हा वायू दाबाखाली पाण्यात विरघळलेला असतो, दिसत नाही. झाकण फाडकन उघडलं की दाब जातो आणि फेस उसळतो. हळूहळू उघडलं तर काही होत नाही. आपल्या श्वासातली जवळपास ७८ टक्के हवा नायट्रोजन असते. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की हवेच्या एका थराएवढा दाब वाढतो. दाब वाढला की नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळत जातो. माणूस पटकन वर आला की त्याचे बुडबुडे होतात.

कारण कळलं होतं. उपाय म्हणून हळू वर या, एवढंच सांगितलं जायचं. पण हळू म्हणजे किती? किती खोल गेलं, किती वेळ थांबलं, मग वर यायला किती मिनिटं घ्यायची? याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. १९०५ मध्ये ब्रिटिश नौदलानं खोल पाण्यातल्या कामासाठी समिती नेमली आणि हे काम हाल्डेन यांच्याकडं आलं.

बकऱ्या, पोलादी टाकी आणि एक तक्ता

त्यांनी आधी पाणबुड्याच्या शिरस्त्राणातली हवा तपासली. तेव्हाचे पाणबुडे पितळी शिरस्त्राण घालायचे आणि वरून पंपानं हवा यायची. खोल गेल्यावर त्यांना दम लागायचा. हाल्डेन यांना दिसलं की पंपातून पुरेशी हवा येत नाही, त्यामुळं सोडलेला कार्बन डायऑक्साईड शिरस्त्राणात साठतो. दाब जितका वाढेल तितकी जास्त हवा पंप करा, हा पहिला उपाय.

याच काळात, १९०५ मध्ये, प्रिस्टली या सहकाऱ्यासोबत त्यांनी दाखवलं की आपण किती वेगानं श्वास घ्यायचा हे एरवी ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साईड ठरवतो. आज वैद्यकीय कॉलेजात पहिल्याच वर्षी हे शिकवतात.

मग बेंड्सची पाळी आली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मोठी पोलादी टाकी होती. त्यात बकऱ्या ठेवून दाब वाढवायचा, ठरावीक वेळ थांबायचं आणि दाब कमी करायचा. बकऱ्या का? त्या आकारानं बऱ्यापैकी मोठ्या असतात, त्यामुळं उंदरापेक्षा माणसाला जवळच्या. दुसरं म्हणजे दुखायला लागलं की बकरी पाय उचलून धरते. लांबूनही कळतं.

शेकडो वेळा हे केल्यावर दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली, दाब निम्मा होईपर्यंत पटकन वर यायला हरकत नाही. म्हणजे ३० मीटरवर चारपट दाब असतो, तिथून १० मीटरपर्यंत म्हणजे दुप्पट दाबापर्यंत येता येतं. पण त्यानंतर टप्प्याटप्प्यानं थांबत यायचं. एकाच संथ वेगानं वर येण्यापेक्षा हे बरं, कारण खोलवर रेंगाळलं की उलट अजून नायट्रोजन विरघळतो.

दुसरी, शरीर एकसारखं भरत नाही. रक्तासारखे भाग मिनिटांत भरतात आणि मिनिटांत रिकामे होतात. चरबी आणि सांधे सावकाश भरतात, सावकाश रिकामे होतात. हाल्डेन यांनी हिशेबासाठी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे केले. सगळ्यात जलद कप्पा पाच मिनिटांत निम्मा भरणारा आणि सगळ्यात संथ ७५ मिनिटांत निम्मा भरणारा.

१९०६ च्या उन्हाळ्यात ही मंडळी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खऱ्या पाण्यात उतरली. नौदलाचे लेफ्टनंट डॅमंट आणि गनर कॅटो हे दोघं ३५ फॅदम, म्हणजे सुमारे ६४ मीटर खोल गेले आणि नव्या पद्धतीनं थांबत थांबत सुखरूप वर आले. १३ वर्षांचा जॅकसुद्धा एकदा उतरला. त्याला मोठ्या माणसाचा सूट दिला होता. मनगटाशी तो सैल पडला आणि आत पाणी शिरत गेलं. पोरगं वाचलं, पण मापाचं साहित्य का हवं याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

१९०८ मध्ये बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन यांचा शोधनिबंध आला. त्यात तक्ते होते. इतकी खोली, इतकी मिनिटं, मग इथं इतका वेळ थांबा आणि तिथं इतका. ब्रिटिश नौदलानं ते स्वीकारले आणि हळूहळू जगभर त्यावरच काम सुरू झालं.

त्यांची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. जानेवारी १९१७ मध्ये लॉरेंटिक हे जहाज आयर्लंडजवळ बुडालं. पोटात ३,२११ सोन्याच्या विटा, खोली सुमारे ४० मीटर. ते काढायचं काम याच डॅमंटना मिळालं. १९२४ पर्यंत पाच हजारांहून जास्त वेळा पाणबुडे खाली गेले, २५ विटा सोडून सगळं सोनं वर आलं आणि एकही पाणबुडा दगावला नाही.

शेवटपर्यंत हवेचाच माग

हाल्डेन यांनी हवेचा पिच्छा शेवटपर्यंत सोडला नाही. १९११ मध्ये ते अमेरिकेतल्या पाईक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर सहकाऱ्यांसोबत काही आठवडे राहिले. खाणीत आणि समुद्रात जास्त दाबाचा अभ्यास झाला होता, आता कमी दाबाचा. विरळ हवेत शरीर कसं जुळवून घेतं हे त्यांना बघायचं होतं.

एप्रिल १९१५ मध्ये जर्मन सैन्यानं ईप्रच्या लढाईत विषारी वायू सोडला. सरकारनं हाल्डेन यांना लगेच फ्रान्सला धाडलं. तो क्लोरीन आहे हे त्यांनी ओळखलं आणि मग सवयीप्रमाणं स्वतः क्लोरीन हुंगून कुठला मास्क किती टिकतो ते तपासलं. त्यांच्या फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली.

मान-सन्मान मिळाले. १९१६ मध्ये रॉयल मेडल, १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचं सर्वोच्च कॉपली मेडल. पण पंचाहत्तरीतही ते घरी बसले नाहीत. इराक आणि इराणच्या तेलक्षेत्रात कामगारांना उष्माघात का होतो हे बघायला गेले. परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला त्यांचं निधन झालं. ज्यांनी चंद्रपूरचा मे महिना बघितलाय त्यांना हा शेवटचा अभ्यास किती गरजेचा होता हे वेगळं सांगायला नको.

मुलगा जॅकनं वडिलांचं काम पुढं नेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो दाबाच्या टाकीत बसून पाणबुडीतून सुटका कशी करायची याचे प्रयोग करत होता. १९५७ मध्ये तो भारतात आला, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला वारला.

आता तुमच्या ट्रिपचं बोलू

हाल्डेन यांचे मूळ तक्ते आज जसेच्या तसे कुणी वापरत नाही. खोल आणि जास्त वेळाच्या डाइव्हला ते कमी पडतात हे नंतर कळलं. पण मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये जो हिशेब चालतो तो त्यांचाच वंशज आहे. पाचऐवजी आता अनेक कॉम्प्युटर १६ कप्पे धरतात, एवढाच फरक.

तर चंद्रपूर-गडचिरोलीहून निघताना काय लक्षात ठेवायचं?

दम धरायची सवय विसरा. वैनगंगेत डुबकी मारायला शिकलेला माणूस पाण्यात गेला की आपोआप श्वास कोंडतो. स्कूबात हे अगदी उलटं. १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं, आणि त्यासाठी तीन-चार मीटरसुद्धा पुरतात. श्वास सतत चालू ठेवायचा, हा पहिला नियम.

वर येताना घाई नाही. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. खोल डाइव्ह असेल तर ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

घाट आणि विमान दुसऱ्या दिवशी. विमानाच्या केबिनमधला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा असतो. म्हणजे सोड्याचं झाकण अजून थोडं उघडलं. एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास आणि दोन-तीन दिवसांत अनेक केल्या असतील तर १८ तास थांबा, असं डाइव्हिंगचे डॉक्टर सांगतात. ६०० मीटरच्या वर चढणाऱ्या रस्त्यालाही हेच लागू होतं, आणि आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. मालवणला नवख्यांना उथळ पाण्यात थोडाच वेळ नेतात, त्यात नायट्रोजनचा धोका फार कमी असतो. पण कोर्स करणार असाल किंवा अंदमानला खोल जाणार असाल तर परतीचं तिकीट काढतानाच एक रात्र मोकळी ठेवा. सोपा उपाय म्हणजे डाइव्ह ट्रिपच्या सुरुवातीला ठेवायची आणि फिरणं नंतर.

सिलिंडरची हवा विचारा. इथं खाणीतला हाल्डेन परत येतो. सिलिंडर कंप्रेसरनं भरतात. कंप्रेसर जिथून हवा ओढतो तिथंच इंजिनाचा धूर असेल तर कार्बन मोनॉक्साईड सिलिंडरमध्ये जातो, आणि खोलवर दाबामुळं त्याचा परिणाम वाढतो. या वायूला स्वतःचा वास नाही, पण धूर-तेलाचा वास किंवा चव आली तर सिलिंडर बदलून मागा. पाण्यात डोकं दुखलं, गरगरलं तर खूण करून हळू वर या. सिलिंडर कुठं भरता, तपासणी कधी झाली, हे विचारायला लाजू नका. चांगला सेंटरवाला आनंदानं सांगतो.

घ्यायचं काय आणि भाड्यानं काय. एवढ्या लांबून सिलिंडर, वजनाचा पट्टा, हवा भरायचं जॅकेट न्यायची गरज नाही. ते सेंटरवर मिळतं. स्वतःचा घ्यायचाच असेल तर आधी मास्क घ्या, कारण प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवून नाकानं हलकी हवा ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर मापाचा. दाढी-मिशी असेल तर पाणी शिरतं. चष्मा असेल तर नंबरची काच बसवून मिळते. दुसरी खरेदी डाइव्ह कॉम्प्युटर, तीही नेमानं डाइव्ह करणार असाल तरच. वेटसूट आपल्या पाण्याला तीन मिलिमीटरचा पुरतो. तो घट्ट बसला पाहिजे, पण श्वास अडायला नको. प्रवासात मास्क कडक डबीत ठेवा. कॉम्प्युटर आणि टॉर्चच्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ठेवा. घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा. चंद्रपूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत रबर आणि सिलिकॉन टिकत नाही.

सर्दी असेल तर उतरू नका. कानातला दाब जुळत नाही आणि पडदा फाटू शकतो. दमा, हृदयाचा त्रास, गरोदरपण, झटके येणं, हे लपवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. आदल्या रात्रीची दारू टाळा.

बोटीवरही लक्ष हवं. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली सगळं नीट झालं तरी किनाऱ्याला पाय लागेपर्यंत लाईफ जॅकेट अंगावर हवं. बोटीत जास्त माणसं बसवत असतील तर चढू नका. तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, नीट शिकायचं असेल तर तिथं चौकशी करता येते.

परतल्यावर काय वाटतंय ते बघा. डाइव्हनंतर काही तासांत सांधे दुखणं, अंगावर चट्टे, मुंग्या, चक्कर, पायातली ताकद जाणं, यातलं काही झालं तर थकवा समजून झोपू नका. डाइव्ह केली होती हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा आणि ऑक्सिजन मागा. यावरचा खरा उपचार दाबाच्या टाकीत होतो, म्हणजे हाल्डेन यांच्या बकऱ्या होत्या तशाच टाकीत. अशी सोय मोजक्याच ठिकाणी असते. आपल्या सेंटरपासून जवळची कुठं आहे, हे उतरण्याआधी विचारून ठेवा. चंद्रपूरला पोहोचल्यावर शोधायला लागलात तर फार उशीर होतो.

मास्क, फिन्स, कॉम्प्युटर सगळं विकत मिळतं, भाड्यानंही मिळतं. हाल्डेन यांनी पाणबुड्यांना जे दिलं ते मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते म्हणजे थांबायची काही मिनिटं आणि परतीच्या आधीची एक रात्र. ती प्लॅनमध्ये तुम्हालाच टाकावी लागते.